साहांचे समीकरण आणि वसतिगृहातली पंगत

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला साहांचे समीकरण पाठ असते. साहांना पंगतीतून उठवले होते, हे त्याला कुणी सांगत नाही. आमच्या मते हे विस्मरण आपोआप झालेले नाही.

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. वडील किरकोळ दुकानदार, जात सवर्णांच्या लेखी हलकी. शाळा दूर म्हणून एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतले. स्वतःचे ताट स्वतः घासायचे, ही अट होती. १९०५ मध्ये गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार पडला, तेव्हा साहांना शाळेतून काढले, शिष्यवृत्तीही गेली. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आल्यावर वसतिगृहातील सवर्ण मुलांनी त्यांच्यासोबत जेवायला नकार दिला. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांनी!

त्याच कॉलेजात जगदीशचंद्र बसू शिकवत. काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी, म्हणजे आजच्या भाषेत मायक्रोवेव्ह, त्यांनी १८९० च्या दशकातच निर्माण केल्या होत्या. शिष्याने दुसरे टोक धरले. विशिष्ट तापमानाला व दाबाला वायूतील किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील, याचा हिशेब साहांनी १९२० मध्ये मांडला. ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे त्याने सुटले. १९२३ ते १९३८ या अलाहाबादच्या काळात त्यांनी वातावरणाच्या वरच्या आयनित थरांतून रेडिओलहरी कशा जातात, याचाही अभ्यास केला.

आयनित हवेत मोकळे इलेक्ट्रॉन विरळ असले तर लहर पार होते. मर्यादेपलीकडे दाट झाले तर ती परतते. मायक्रोवेव्हचा जबर स्पंद सोडला तर तो आपली वाट आपणच अडवतो. हवेतल्या मोजक्या भटक्या इलेक्ट्रॉनांना त्याचे विद्युतक्षेत्र वेग देते, ते रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. एकाचे दोन, दोनाचे चार. स्पंदाचे तोंड तेवढ्यात निसटते, शेपूट मात्र नव्याने आयनित झालेल्या हवेत शोषली जाते किंवा मागे फेकली जाते. म्हणून शक्ती दुप्पट केली तरी पलीकडे दुप्पट ऊर्जा पोचेलच असे नाही. क्षणार्धातल्या या खेळाला साहांचे समीकरण जसेच्या तसे लागू होत नाही, ते समतोलातील वायूचे आहे. भक्तीपोटी आम्ही हे झाकणार नाही. पण वायू किती आयनित होतो हा प्रश्न गणितात बसवला तो याच माणसाने.

१९२७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. प्रयोगशाळेत मात्र ते कोंडून राहिले नाहीत. १९४३ च्या दामोदर महापुरानंतरच्या चौकशी समितीत ते होते; ती दामोदर योजना पुढे नेली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५२ मध्ये साहा कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले आणि सरकारला आकडेवारीसह धारेवर धरू लागले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना वाटेतच ते कोसळले. वय ६२ होते.