आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रातून जन्मला 'पीटर रॅबिट'. कोण होत्या बिएट्रिक्स पॉटर?

४ सप्टेंबर १८९३. पाच वर्षांचा नोएल मूर आजारी होता. त्याची आई पूर्वी बिएट्रिक्स पॉटर यांची शिक्षिका. नोएलला पत्रात काय लिहावे, हे सुचेना. म्हणून बिएट्रिक्स यांनी चार सशांची सचित्र गोष्टच लिहून पाठवली.

१८६६ मध्ये लंडनच्या श्रीमंत घरात जन्मलेल्या बिएट्रिक्स शाळेत गेल्याच नाहीत. पाळलेले ससे, उंदीर तासन्‌तास न्याहाळत त्या चित्रे काढत. त्यामुळेच त्यांचा पीटर निळा कोट घालत असला, तरी पळतो खऱ्या सशासारखाच.

पुस्तकाला मात्र अनेक प्रकाशकांनी नकार दिला. चिमुकल्या हातांत मावेल असे लहान आणि स्वस्त पुस्तक हवे, हा बिएट्रिक्स यांचा हट्ट. तो योग्यच होता. डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. मग आधी नाही म्हणणाऱ्या फ्रेडरिक वॉर्न कंपनीने १९०२ मध्ये रंगीत आवृत्ती काढली, तीही छोट्याच आकारात.

१९०५ मध्ये संपादक नॉर्मन वॉर्न यांच्याशी त्यांचे लग्न ठरले. प्रकाशन हा धंदा, म्हणून आईवडिलांचा विरोध. महिन्याभरात नॉर्मन यांचे आजाराने निधन झाले. त्याच वर्षी बिएट्रिक्स यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील हिल टॉप ही शेती घेतली. १९१३ मध्ये वकील विल्यम हीलिस यांच्याशी विवाह झाला. पुढे पुस्तके मागे पडली, मेंढ्या वाढल्या.

१९४३ मध्ये निधन झाले तेव्हा ४ हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टच्या नावे ठेवली होती. डोंगराकडच्या शेतांवर हर्डविक जातीच्याच मेंढ्या राहाव्यात, असेही मृत्युपत्रात होते.