रॉबर्ट कॉख : गुरांच्या रोगाचा माग काढणारा डॉक्टर



रॉबर्ट कॉख म्हटलं की आपल्याला क्षयाचा जंतू आठवतो. मुलांना आपण तेवढंच सांगतो आणि पुढे जातो. पण त्यांची सुरुवात गुरामेंढ्यांच्या रोगापासून झाली, हेही जरूर सांगा.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल गावी झाला. १८७२ मध्ये ते वोल्श्टाइन येथे (हे गाव आज पोलंडमध्ये आहे) सरकारी डॉक्टर झाले. त्या भागात काळपुळीने गायी-मेंढ्या मरायच्या, कधी माणसंही. लोकांना कोडं पडायचं की काही कुरणं वर्षानुवर्षं घातक कशी राहतात? मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे जंतू इतरांनी पाहिले होते, पण तेच रोगाचं कारण आहे हे सिद्ध झालं नव्हतं. कॉख यांच्याकडे ना प्रयोगशाळा ना मदतनीस. रुग्ण तपासून झाले की घरातच लाकडाच्या बारीक काडीने ते रक्त उंदरांना टोचायचं, बैलाच्या डोळ्यातल्या पाण्यात जंतू वाढवायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. तेव्हा दिसलं, की परिस्थिती बिघडली की हे जंतू बीजाणू बनवतात. बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात गेले की पुन्हा जागे होतात. कुरणाचं कोडं सुटलं! १८७६ मध्ये हे शोध प्रसिद्ध झाले.

पुढे १८८२ मध्ये क्षयाचा जंतू, १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलरा, हे आपण शिकवतोच.

१८९६ मध्ये मात्र ते पुन्हा गुरांकडे वळले. दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीने गुरं तर मेलीच, रानम्हशीही मेल्या. बैलगाड्या थांबल्या, लोकांवर उपासमार आली. किंबर्लीत कॉख यांनी आजारी जनावराचं पित्त निरोगी गुरांना टोचून संरक्षण मिळतं का, हे पाहिलं. उपाय थोडाफार लागू पडला, पण त्यातून कधीकधी रोगही व्हायचा. काम अर्ध्यावर असतानाच १८९७ मध्ये त्यांना प्लेगच्या अभ्यासासाठी आपल्या मुंबईला यावं लागलं.

एक चूकही सांगते, मुलांपासून ती लपवू नका. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी गायीच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असं मत मांडलं. इंग्रज शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं तपास करून दाखवलं, की रोगी गायीच्या दुधातून लहान मुलांना क्षय होतो. १९०५ चं नोबेल मिळालेले कॉख मात्र त्या मतावर अडून राहिले. २७ मे १९१० रोजी त्यांचं निधन झालं.