'म' आला की तांबे

गणपतीचे दिवस आले की मल्हारगंजातल्या आपल्या घरांत आरती-प्रसादानंतर गाण्यांच्या भेंड्या ठरलेल्या. 'ळ' आला तर 'ल' चालेल का, 'ण'ऐवजी 'न' घ्यायचा का, यावर दरवर्षी नव्याने भांडण होते. शेवटच्या अक्षरावरून पुढचे शोधण्याची हौस जगभर आहे. जपानी मुले असाच शब्दांचा 'शिरितोरी' खेळतात आणि 'न'वर संपणारा शब्द म्हणणारा तिथे बाद होतो. आपल्याकडे बाद कुणी होत नाही, पण 'फक्त मराठी गाणी' अशी अट घातली की आमची मुले गप्प होतात. मग 'म' आला की कोपऱ्यातल्या आजी सुरू करतात : 'मधु मागशी', नाहीतर 'मावळत्या दिनकरा'. आणखी एक 'म' हवा असेल तर 'मरणात खरोखर' आहेच. या तिन्ही रचना एकाच कवीच्या आहेत, आणि हा कवी पुण्या-मुंबईचा नव्हे, आपल्याच मुलखातला आहे.

भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म २७ ऑक्टोबरचा, ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा. हे गाव आज मध्य प्रदेशातल्या अशोकनगर जिल्ह्यात येते. शिक्षण झाशीला आणि देवासला झाले. १८९३ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ते उत्तीर्ण झाले, पण पुढचे रीतसर शिक्षण घडले नाही. देवासला युवराजांचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले आणि नंतर संस्थानी कारभारात निरनिराळ्या हुद्द्यांवर नोकऱ्या केल्या. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांची गोष्ट याहून फार वेगळी नसेल. होळकर, शिंदे, पवार यांच्या राज्यांत मराठी माणूस असाच कचेरीतून कचेरीत, गावातून गावात फिरत राहिला. बाहेर हिंदी-उर्दू आणि घरात मराठी, अशा दोन्ही भाषांत तो वाढला.

त्या फिरतीचे चांगले फळ म्हणजे तांबे यांची कविता. उर्दू गझलेचा डौल त्यांच्या कानात होता. इंग्रजी कवींपैकी ब्राउनिंग आणि टेनिसन त्यांना जवळचे होते, पुढे रवींद्रनाथांचीही ओढ लागली. आणि मध्य भारतातल्या शहरांत राहणाऱ्या माणसाला शास्त्रीय संगीत काही दुरून ऐकावे लागत नव्हते. म्हणून त्यांची कविता वाचायची कमी आणि गायची जास्त. त्यांच्या संग्रहात पुष्कळ कवितांखाली वृत्त किंवा जाती, राग, ठिकाण आणि तारीख अशी नोंद आढळते. कविता कुठे सुचली आणि कोणत्या रागात म्हणायची, हे दोन्ही त्यांना सांगण्याजोगे वाटत होते.

१९२० मध्ये वा. गो. मायदेवांनी त्यांच्या कवितांचा संग्रह काढला, तेव्हा तांबे पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. माधव जूलियन यांनी संपादित केलेली 'तांबे यांची समग्र कविता' १९३५ मध्ये आली. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या साहित्य संमेलनात कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि १९३७ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने त्यांना राजकवी केले. ७ डिसेंबर १९४१ रोजी ग्वाल्हेरलाच ते गेले. महाराष्ट्राने त्यांना मान दिला, पण त्यांचा संसार, नोकरी आणि शेवट सारे इकडेच झाले. मराठी भावगीताचा मोठा झरा असा महाराष्ट्राबाहेर उगम पावला.

आता पुन्हा 'म'कडे येऊ. 'मधु मागशी'मध्ये प्रियजन पूर्वीसारखा गोडवा मागतो आहे आणि कवीकडचे घट रिते झाले आहेत. जे थोडे उरले ते देवापुढे ठेवायचे आहे. 'मावळत्या दिनकरा'मध्ये सगळे उगवतीला हात जोडत असताना कवी मावळतीला अर्घ्य देतो. 'मरणात खरोखर'मध्ये जगणे आणि मरणे यांना तो एकमेकांपासून तोडत नाही. तिन्ही गाणी कलत्या उन्हातली. पण रडगाणे त्यात नाही, आहे ते शांतपणे निरोप घेणे. 'ज' आला तर 'जन पळभर' घ्या. आपल्या माघारी जगाचे काही अडणार नाही, हे कवीने त्यात आधीच ओळखून ठेवले आहे.

तांबे गेले तेव्हा ही गाणी घरोघर पोहोचलेली नव्हती. ती पोहोचली पुढे, वसंत प्रभू आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींमुळे आणि लताबाईंच्या आवाजामुळे. लताबाई जन्मल्या २८ सप्टेंबर १९२९ रोजी आपल्या इंदुरात. मुंगावलीत जन्मलेल्या कवीचे शब्द इंदुरात जन्मलेल्या गायिकेने मुंबईत गायले आणि रेडिओवरून ते पुन्हा इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत आले. त्यात आमची आजी होती आणि तिने ऐकून ऐकून ते पाठ केले.

आमच्या पिढीने मात्र पाठ केले नाही. कॅसेट होती, मग मोबाईल आला, हवे तेव्हा लावू असे वाटत राहिले. पण भेंड्यांत मोबाईल चालत नाही, तिथे पाठ असलेलेच उपयोगी पडते. आता कोपऱ्यातल्या त्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत आहेत, आणि दर खुर्चीबरोबर दोन-चार अक्षरे मुकी होतात.

म्हणून मंडळी, एवढेच करू या. येत्या गणपतीपर्यंत प्रत्येक घराने तांबे यांचे एक गाणे चालीसकट पाठ करावे, आणि ते मुलांना आजी-आजोबांनीच शिकवावे. लहानग्यांना 'म'ची ही गाणी जड वाटली तर 'त'पासून सुरुवात करा. 'तुझ्या गळा, माझ्या गळा' हे बहीण-भावाचे गाणेही तांबे यांचेच. मग बघू, 'म' आला की कोण गप्प बसते ते.