किल्ल्यातल्या शाळेपासून नागासाकीच्या टेकडीपर्यंत
संत गोन्सालो गार्सिया

वसईच्या किल्ल्यात गेले की पर्यटक फोटो काढतात, शाळेची मुले तटावर धावतात आणि आपण ख्रिस्ती माणसे पडक्या चर्चच्या कमानीखाली क्षणभर थांबतो. ह्याच तटबंदीच्या आत जेज्विट धर्मगुरूंची शाळा होती. सोळाव्या शतकात तिथे एक वसईकर मुलगा शिकत होता. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. शाळेत फादर सेबास्तियन गोन्साल्विस ह्यांची त्यांच्यावर माया जडली आणि १५७२ साली हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा जेज्विट मिशनऱ्यांबरोबर जहाजाने जपानला पोहोचला.

तिथे त्यांनी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे भाषा शिकणे. जपानी भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून गावोगावी त्यांना बोलावणे येऊ लागले. अशी सुमारे आठ वर्षे गेली. मनात एकच इच्छा होती, आपणही येशूसंघात सामील व्हावे. पण त्यांना संघात घेतले गेले नाही. ज्या घरात लहानाचे मोठे झालो त्याच घराचे दार बंद राहावे, हे दुःख साधे नव्हे. गोन्सालो बाहेर पडले आणि व्यापार करू लागले. धंद्यात जम बसला, व्यापारानिमित्त अनेक बंदरे पाहिली, पैसाही आला. मन मात्र तिथे रमले नाही. फिलिपीन्समध्ये मनिलाला त्यांची फ्रान्सिस्कन संघाशी ओळख झाली. तिथे ते संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून.

जपान सोडताना कदाचित त्यांना वाटलेही नसेल की आपली जपानी पुन्हा कामी येईल. तिकडे जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याने १५८७ साली मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. शिवाय फिलिपीन्सने आपले मांडलिकत्व पत्करावे, असा त्याचा आग्रह चालला होता. तेव्हा मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना वकील म्हणून पाठवले. बरोबर तीन फ्रान्सिस्कन बंधू. त्यांतले एक, दुभाषी म्हणून, आपले ब्रदर गोन्सालो. दुभाष्याचे काम वरून सोपे दिसते. पण लहरी राजापुढे उभे राहून दोन सत्तांचे बोलणे तोलूनमापून मांडायचे, आणि एक शब्द चुकला तर सगळ्यांच्या जिवावर बेतायचे! भेट पार पडली. हिदेयोशीने क्योटोत राहण्याची परवानगी दिली. तिथे ह्या बंधूंनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये सुरू केली.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. जहाजावरचा माल जप्त झाला. मिशनऱ्यांच्या पाठोपाठ स्पेनचे सैन्य येते, असा संशय राजाच्या मनात पक्का झाला. राजकारण राजांचे, सापडले मात्र रुग्णसेवा करणारे. डिसेंबरात अटक झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात जवळजवळ चार आठवडे त्यांना नागासाकीकडे नेले. निघताना ते चोवीस होते, वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत वीस जपानी होते. बारा वर्षांचा लुईस इबाराकी सर्वांत लहान. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. विशेष म्हणजे त्या सव्वीसांत तीन जेज्विटही होते. ज्या संघाचे दार लागले होते, त्याच संघाच्या बंधूंबरोबर त्यांनी प्राण दिले.

१६२७ साली पोप आठवे उर्बन ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले, तेव्हा किल्ल्यातली चर्चेस भरलेली होती. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी संतपद बहाल केले, तोवर चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ला जिंकून सव्वाशे वर्षे होत आली होती आणि छपरे कोसळली होती. भारतात जन्मलेले ते पहिले संत. संत अल्फोन्सा ह्यांना हा मान २००८ साली मिळाला.

किल्ल्यात गेल्यावर एक गल्लत टाळावी. डोमिनिकन संघाचे पडके चर्च संत गोन्सालोंच्या नावाचे आहे, पण ते पोर्तुगालमधल्या अमरान्ते गावचे तेराव्या शतकातले गोन्सालो. आपल्या संतांशी नाते सांगते ते जेज्विटांचे, येशूच्या पवित्र नावाला वाहिलेले चर्च. कमानीचे दार, दोन्ही बाजूंना कोरीव खांब, अशी त्याची दर्शनी भिंत अजून उभी आहे. लोक आता त्याला गोन्सालो गार्सिया चर्च म्हणूनच ओळखतात. सणाच्या मिस्साला गेलात तर थोडे पुढे जाऊन संत अंतोनीचे फ्रान्सिस्कन चर्चही पाहा. जमिनीतल्या कबरींच्या शिळांवरची अक्षरे काही ठिकाणी आजही वाचता येतात.