बर्फाळ किनाऱ्यावरचा कारभारी

फ्रेंच वसाहत म्हटली की आपल्याला पाँडिचेरी आठवते आणि शाळेच्या पुस्तकातला डुप्ले आठवतो. पाँडिचेरीचे ठाणे फ्रेंचांनी वसवले १६७४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी. पण त्याच्या सहासष्ट वर्षे आधी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एका गोठणाऱ्या नदीच्या काठी एका फ्रेंच माणसाने लाकडी घरांचा एक पुंजका उभा केला होता. ती तारीख ३ जुलै १६०८. पुढच्याच महिन्यात इंग्रजांचे 'हेक्टर' जहाज सुरतेच्या किनाऱ्याला लागले. एकाच पावसाळ्यात युरोपातल्या दोन सत्तांनी दोन दूरच्या किनाऱ्यांवर पाय टेकले. सुरतेला आलेल्यांचे पुढे काय झाले, ते आपण दीडशे वर्षे भोगले. त्या नदीकाठच्या पुंजक्याचे नाव क्विबेक आणि तो उभा करणाऱ्याचे नाव साम्युएल द शांप्लँ. इंग्रजी नकाशांत त्याला शॅम्प्लेन म्हणतात.

या माणसाचा चेहरा कोणालाच ठाऊक नाही. पुस्तकांतून छापले जाणारे त्याचे चित्र एकोणिसाव्या शतकातले आहे, आणि ते दुसऱ्याच एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या चित्रावरून बेतलेले आहे. जन्मसालाचाही असाच घोळ होता. २०१२ मध्ये ला रोशेल बंदरातल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या नोंदवहीत १५७४ सालच्या बाप्तिस्म्याची एक नोंद उजेडात आली. ती त्याचीच असावी, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. त्याचे घर जवळच्याच ब्रुआज गावी होते. ब्रुआज मिठागरांचे गाव. सगळ्या युरोपातून जहाजे तिथे मीठ भरायला येत. बाप आंत्वान दर्यावर्दी कप्तान होता. पुढे गाळ साचत गेला, समुद्र मागे हटला आणि ते बंदर जमिनीत अडकून पडले. ज्याने दुसऱ्या खंडात शहर वसवले, त्याचे स्वतःचे गाव असे कोरडे पडले.

तरुणपणी त्याने राजा चौथ्या हेन्रीच्या सैन्यात नोकरी केली. काम होते सैनिकांच्या राहण्याची सोय बघण्याचे. किती माणसे, किती छपरे, किती धान्य याचा हिशेब तो तिथे शिकला. समुद्र घरातच होता. नकाशे काढण्याचा हात चांगला होता. १६०३ मध्ये ग्राव्हे द्यु पाँ या अनुभवी व्यापाऱ्याबरोबर तो पहिल्यांदा सेंट लॉरेन्स नदीत शिरला. तादुसाक येथे इनू लोकांचा प्रमुख अनादाबिजू याने त्यांना आपल्या मेजवानीत बसवून घेतले. फ्रेंचांनी इथे राहावे आणि आमच्या शत्रूंविरुद्ध मदत करावी, असा तिथला करार होता. लेखी काही नाही. तंबाखूची चिलीम ओढून झालेला तो शब्द होता. शांप्लँच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा आणि त्यातल्या गुंत्याचाही उगम त्या मेजवानीत आहे.

फ्रेंचांना तिथे हवे होते ते बीव्हर या प्राण्याचे कातडे. युरोपात तेव्हा नमद्याच्या टोप्यांची मोठी चलती होती आणि बीव्हरच्या आतल्या मऊ लवेचा नमदा सर्वांत उत्तम होत असे. हे कातडे स्थानिक लोक शिकार करून आणत आणि त्याच्या बदल्यात तांब्याची भांडी, कुऱ्हाडी, सुऱ्या नेत. राजा या व्यापाराचा मक्ता देई आणि मक्तेदाराने त्या मोबदल्यात तिथे माणसे नेऊन वसवावीत, अशी अट घाली. मक्तेदाराला कातड्यांत रस होता, माणसांत नव्हता. एका माणसाला तिकडे नेऊन पोसायचे म्हणजे निव्वळ खर्च. शांप्लँ याच मक्तेदारांचा पगारी माणूस होता. आणि त्याला हवी होती ती मात्र वस्ती, शेती आणि नांदती घरे.

पहिला प्रयत्न १६०४ मध्ये पिएर द्युग्वा द मों या सरदाराच्या हाताखाली झाला. सेंट क्रॉय नावाच्या छोट्या बेटावर एकोणऐंशी माणसांनी हिवाळा काढला. नदी गोठली, गोडे पाणी आणि सरपण तोडले गेले, आणि स्कर्व्हीने पस्तीस माणसे नेली. हिरड्या सुजायच्या, दात गळायचे आणि माणूस अंथरुणातून उठतच नसे. क जीवनसत्त्वाची ही उणीव आहे हे कळायला अजून तीन शतके जायची होती. दुर्दैव असे, की १५३६ मध्ये याच प्रदेशातल्या लोकांनी झाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीला एका झाडाच्या पाल्याचा काढा दाखवून त्याची माणसे वाचवली होती. मधल्या काळात ती गावेच नाहीशी झाली आणि त्यांच्याबरोबर औषधाचे ज्ञानही गेले.

पुढे वस्ती पोर रॉयालला हलवली. तिथे शांप्लँने एक युक्ती केली. आळीपाळीने एकेकाने मेजवानीचा यजमान व्हायचे, शिकार-मासे आणायचे आणि वाजतगाजत जेवण वाढायचे. मिक्माक लोकांचा वृद्ध प्रमुख मेंबर्तू हाही पंगतीला असे. ताजे अन्न आणि हसती तोंडे यांनी त्या हिवाळ्यात माणसे बरीच तगली. तोच १६०७ मध्ये फ्रान्समधल्या विरोधकांनी मक्ता रद्द करवला आणि सगळे आवरून परतावे लागले.

द मोंने खटपट करून आणखी एका वर्षाचा मक्ता मिळवला. अवघ्या एका वर्षाच्या त्या परवान्यावर क्विबेक उभे राहिले. नाव स्थानिक भाषेतलेच, अर्थ नदी अरुंद होते ती जागा. उंच कडा आणि खाली चिंचोळे पात्र. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक होडीवर नजर राहील असे ठिकाण त्याने हेरले. घरे पुरी होण्याआधीच कुलपे करणाऱ्या एका कारागिराने त्याला ठार मारून वखार परकीयांना विकण्याचा कट रचला. एकाने माफीच्या बोलीवर तो फोडला. शांप्लँने सूत्रधाराला फाशी दिले आणि त्याचे मुंडके भाल्यावर लावून ठेवले. हा भला माणूस प्रसंगी किती कठोर होता, तेही इथे दिसते. मग हिवाळा आला. क्विबेक नकाशावर पॅरिसच्याही दक्षिणेला आहे. तरी तिथली थंडी पॅरिसने कधी पाहिलेली नाही. अठ्ठावीस माणसांपैकी वसंत ऋतूत आठ उरली. तोही त्या आठांतला एक.

आता तो तादुसाकचा शब्द पाळायची वेळ आली. १६०९ च्या उन्हाळ्यात इनू, अल्गाँक्विन आणि वेंडॅट योद्धे इरोक्वॉय संघातल्या मोहॉक लोकांवर चालून निघाले. वेंडॅटांना फ्रेंच ह्यूरन म्हणत. सुमारे साठ योद्धे, भूर्जाच्या सालीच्या होड्या आणि दोन साथीदारांसह शांप्लँ. आज त्याचेच नाव असलेल्या सरोवराकाठी ३० जुलैला सुमारे दोनशे मोहॉक समोर उभे राहिले. शांप्लँ चिलखत घालून पुढे झाला. बंदुकीत त्याने चार गोळ्या भरल्या होत्या. एकाच बारात दोन प्रमुख जागीच पडले आणि तिसरा माणूस नंतर दगावला. ते हत्यार मोहॉकांनी पाहिलेले नव्हते. त्यांची फळी फुटली.

या एका बारामुळे इरोक्वॉय आणि फ्रेंचांचे शतकभराचे वैर जन्मले, असे पूर्वी सरसकट लिहीत. ते तितके सरळ नाही. त्या जमातींतले वैर फ्रेंच येण्याआधीचे होते, आणि १६२० नंतर काही काळ तहही झाला होता. पण बाहेरचा माणूस घरच्या भांडणात एका बाजूने उभा राहिला, हे खरेच. असे करणारे परके आपल्याही इतिहासात काही कमी नाहीत. उभे राहण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. मदत नाकारली असती तर कातडी आली नसती आणि वस्तीही टिकली नसती.

१६१० मध्ये राजा हेन्रीचा खून झाला आणि त्याचा आश्रय तुटला. त्याच डिसेंबरात त्याने एलेन बुले या दरबारी अधिकाऱ्याच्या मुलीशी लग्न केले. ती बारा वर्षांची होती. हुंडा सहा हजार लिव्र ठरला आणि त्यातले साडेचार हजार लगेच हाती पडले. मुलगी दोन वर्षे माहेरीच राहील, अशी बोली होती. त्या काळच्या खानदानी घरांत हे चालत असले तरी आज वाचताना मन खट्टू होते. १६२० मध्ये ती क्विबेकला आली, चार हिवाळे काढले आणि १६२४ मध्ये परतली ती कायमचीच. मूलबाळ झाले नाही. नवऱ्यामागे ती जोगीण झाली.

दरम्यान शांप्लँची पायपीट चालूच होती. उत्तरेचा समुद्र पाहिला अशी थाप एका तरुणाने मारली, म्हणून १६१३ मध्ये तो ओटावा नदीने वर गेला. स्थानिक प्रमुख तेसुआने खोटेपणा उघडा पाडला आणि त्या तरुणाला मारायला निघाला. शांप्लँने त्याला जिवंत सोडले. १६१५ मध्ये वेंडॅटांबरोबर इरोक्वॉयच्या एका तटबंदीवर हल्ला केला. तो फसला, आणि पायात बाण शिरलेल्या शांप्लँला वेंडॅटांनी टोपलीत बांधून पाठीवरून आणले. तो हिवाळा त्याने त्यांच्याच गावांत काढला. त्यांचा मका, त्यांच्या लांबलचक घरांतला धूर, त्यांची लग्ने, त्यांचे मृतांचे विधी हे सगळे त्याने टिपून ठेवले. त्या टिपणांत कुतूहल आहे आणि आपला धर्मच खरा, हा ताठाही आहे.

१६१७ मध्ये लुई एबेर हा पॅरिसचा औषधविक्रेता घरदार विकून बायकामुलांसह निघाला. बंदरावर पोचल्यावर कंपनीने त्याचा ठरलेला पगार निम्म्यावर आणला. परत जायला घर नव्हते. त्याने मुकाट्याने सही केली. क्विबेकचे हे पहिले शेतकरी कुटुंब.

पुढच्या वर्षी शांप्लँने राजापुढे आणि पॅरिसच्या व्यापारी मंडळापुढे आपली योजना मांडली. तीनशे कुटुंबे, तीनशे सैनिक आणि पंधरा धर्मोपदेशक द्या. मासे, लाकूड, खाणी आणि कातडी मिळून वर्षाला चौपन्न लाख लिव्र उत्पन्न निघेल. माझी नोकरीची बहुतेक वर्षे कर्जप्रकरणे वाचण्यात गेली, त्यामुळे असे अंदाजपत्रक वाचले की ओठांवर हसू येते. आकडे फुगवलेले आहेत हे उघड आहे. पण त्या फुगवट्यामागे लबाडी दिसत नाही. दिसते ती आपल्या उद्योगावर जीव जडलेल्या माणसाची घाई. भागीदारांनी त्याला दाद दिली नाही. उलट पुढच्या वर्षी त्याला जहाजावरच चढू दिले नाही.

अखेर १६२७ मध्ये कार्डिनल रिशेल्यूने शंभर भागीदारांची नवी कंपनी काढली. तीन लाख लिव्र भांडवल आणि पंधरा वर्षांत चार हजार माणसे वसवण्याची अट. १६२८ मध्ये तिचा पहिला ताफा निघाला आणि इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या कर्क बंधूंनी तो वाटेतच पकडला. क्विबेकला शरण येण्याचा निरोप आला तेव्हा शांप्लँने धान्य-दारूगोळा भरपूर असल्याचा आव आणून नकार कळवला. कोठार रिकामे होते. ती शंभराच्या आतली वस्ती त्या हिवाळ्यात कंदमुळे आणि आम्ही सोडून दिला असता असा शिधा खाऊन जगली. १९ जुलै १६२९ रोजी त्याने किल्ल्या दिल्या.

इनू लोकांनी त्याच्या हवाली तीन मुली केल्या होत्या. श्रद्धा, आशा आणि दया अशा अर्थाची नावे त्याने त्यांना दिली होती, शिकवले होते. पहिली आपल्या लोकांत परत गेली. उरलेल्या दोघींना तो फ्रान्सला नेणार होता, त्यांनाही जायचे होते. कर्कने परवानगी नाकारली आणि जहाज त्यांच्यावाचून निघाले. त्या दोघींचे पुढे काय झाले, ते इतिहासात नाही.

इंग्लंडला पोचल्यावर शांप्लँला कळले की एप्रिलमध्येच दोन्ही देशांत तह झाला होता. म्हणजे क्विबेक घेतले ते शांततेच्या काळात. तो वकिलातींचे उंबरे झिजवत राहिला. शेवटी ते परत मिळाले, त्यात हुंड्याचाही भाग होता. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सची राणी फ्रान्सच्या राजाची बहीण. तिच्या हुंड्याची निम्मी रक्कम थकलेली होती. ती बाकी चुकती करण्याच्या बोलीवर चार्ल्स तयार झाला आणि १६३२ च्या तहाने गाव परत आले.

१६३३ मध्ये शांप्लँ पोचला तेव्हा त्याची घरे जळून गेलेली होती. साठीच्या घरातल्या माणसाने पुन्हा बांधायला घेतले. वीसहून अधिक वेळा त्याने अटलांटिक ओलांडला होता. ही शेवटची खेप. १६३५ च्या ऑक्टोबरात पक्षाघाताचा झटका आला आणि नाताळच्या दिवशी तो गेला. तेव्हा वस्ती होती सुमारे दीडशे फ्रेंचांची. गव्हर्नर ही पदवीही त्याला रीतसर कधी मिळाली नाही. १६४० मध्ये आग लागून चर्च आणि त्याच्या कबरीवरचे छोटे प्रार्थनाघर जळाले. त्याची कबर अजून सापडलेली नाही.

ज्या देशाने परक्यांची वखार म्हणजे काय ते अनुभवले, तिथल्या वाचकाने या माणसाकडे कसे पाहावे? त्याने त्या लोकांना लुटले नाही, गुलाम केले नाही. त्यांच्या घरी राहिला, त्यांच्यावर विसंबला. तरीही त्याच्या मागोमाग आलेल्या जहाजांतून आणि माणसांतून गोवर-देवीसारखे रोग आले. १६३४ ते १६४० या सहा वर्षांत वेंडॅट निम्म्यावर आले. १६४९ मध्ये, आता स्वतःही बंदुका मिळवलेल्या इरोक्वॉयनी त्यांची गावे जाळली. ज्यांनी त्याला टोपलीत घालून आणले, त्यांच्या मुलाबाळांवर हे गुदरले. वाईट हेतू नसतानाही केवढे नुकसान होते, हे त्याच्या चरित्रातून कळते. म्हणून त्याच्या चिकाटीबद्दलचा आदर कमी होत नाही, पण तो डोळे उघडे ठेवून करावा लागतो.

कॅनडातही हा हिशेब चालूच आहे. ओटावा शहरात १९१५ मध्ये उभारलेल्या त्याच्या पुतळ्याच्या पायाशी एक स्थानिक वाटाड्या गुडघे टेकून बसवलेला होता. आदिवासी नेत्यांनी आक्षेप घेतला आणि १९९० च्या दशकात त्या वाटाड्याला तिथून हलवून जवळच्या बागेत स्वतंत्र जागा दिली. आणि क्विबेक शहराला लागूनच वेंडाके नावाची वस्ती आहे. १६४९ च्या संहारातून वाचून जे वेंडॅट क्विबेकच्या आश्रयाला आले, त्यांचे वंशज तिथे आजही नांदतात. विसरली गेलेली आपली भाषा जुन्या शब्दकोशांतून पुन्हा जुळवून ते आता आपल्या मुलांना शिकवत आहेत.