गोठ्याच्या दारी विज्ञान नेणारे मणिभाई देसाई

औंढा नागनाथच्या परिसरात आज गाय माजावर आली, तर तिला वळूकडे न्यावेच लागते असे नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली वीर्याची कांडी गोठ्यावर आणून कृत्रिम रेतन करता येते. ही सोय महाराष्ट्राच्या खेड्यांत रुजवणाऱ्यांमध्ये मणिभाई देसाई यांचे नाव आघाडीवर आहे.

मणिभाईंचा जन्म १९२० सालचा, गुजरातमधील सुरत जिल्ह्यातला. तरुणपणी ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि गांधीजींच्या सहवासात आले. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले. काही दिवसांनी गांधीजी गेले. मणिभाई मात्र जन्मभर तिथेच राहिले. आश्रमाच्या जोडीने त्यांनी शेती, शिक्षण आणि गोपालनात लक्ष घातले. पशुवैद्यकाची पदवी नसताना त्यांनी गीर गाईंचा उत्तम कळप उभा केला. १९६७ मध्ये त्यांनी ‘बायफ’ ही संस्था स्थापन केली.

वीर्य नुसते गोठवले तर पेशीत बर्फाचे स्फटिक होतात आणि शुक्राणू मरतात. ग्लिसरॉल मिसळल्यास ते तगतात, हे १९४९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले. त्यानंतर उणे १९६ अंश सेल्सिअसला वीर्य वर्षानुवर्षे टिकू लागले आणि एका वळूपासून हजारो गाई गाभण राहू शकल्या. वळू निरोगी असल्याची खात्री केलेली असेल, तर नैसर्गिक संयोगातून पसरणारे आजारही टळतात.

पण प्रयोगशाळेतली कांडी गरिबाच्या गाईपर्यंत न्यायची कशी, हा खरा प्रश्न होता. गाईचा माज एका दिवसाच्या आत ओसरतो आणि संधी हुकली तर साधारण २१ दिवस थांबावे लागते. मजुरी बुडवून गाय दवाखान्यात नेणे अनेकांना परवडत नसे. बायफने खेड्यातले तरुण तयार केले आणि सेवा थेट गोठ्यावर नेली. लसीसारखीच इथेही थंडीची साखळी जपावी लागते. पात्रातला नायट्रोजन संपला तर कांडी वरून तशीच दिसते, पण आतले शुक्राणू मेलेले असतात.

परदेशी वळूंच्या वीर्यातून झालेल्या संकरित गाईंनी अनेक घरांत दुधाचा पैसा आणला. त्यांना चारा-पाणी अधिक लागते आणि उन्हाचा त्रासही जास्त होतो. म्हणूनच लाल कंधारी, देवणी या मराठवाड्याच्या जातींचे वीर्य जपणेही तितकेच गरजेचे आहे.

हेच तंत्र हरणांनाही लागू पडते. न्यूझीलंडमध्ये पाळीव हरणांत गोठवलेले वीर्य वापरतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कृत्रिम रेतनातून चितळाचे पाडस जन्माला घातले. मात्र रानातल्या हरणीचा माज ओळखणे अवघड असते आणि पकडताना ती भीतीनेच दगावू शकते. गाईचा माज मालक रोज गोठ्यात पाहून ओळखतो. मणिभाईंची योजना याच ओळखीवर उभी होती.

मणिभाईंना १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. बायफचे काम आजही अनेक राज्यांत सुरू आहे.