समजून घ्या : बाबासाहेब आंबेडकर इंग्रजी कसे शिकले? वडिलांनी पाठ करून घेतलेली ती तीन पुस्तकं कोणती?

गोसीखुर्द (जि. भंडारा) : शाळा सुरू होण्याचे दिवस आले की वैनगंगेकाठच्या गावांत घरोघरी तोच प्रश्न असतो. पोराला मराठी शाळेत घालायचं, सेमी इंग्रजीत की थेट इंग्रजी माध्यमात? या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव हमखास निघतं. त्यांच्यासारखं इंग्रजी यायचं तर इंग्रजी शाळाच हवी, असं अनेक पालकांना वाटतं. पण बाबासाहेबांच्या इंग्रजीचा पाया घातला गेला तो मराठीतून आणि मोठ्या प्रमाणात घरी.

भंडारा जिल्ह्याला हे नाव परकं नाही. १९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांचा आठ हजारांहून जास्त मतांनी पराभव केला. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष भंडाऱ्यात हरला, हे जिल्ह्यातली जुनी माणसं आजही सांगतात. त्याच घटनेचा इंग्रजी मसुदा कलमागणिक समजावून सांगणाऱ्या या माणसाचं इंग्रजी सुरू झालं ते सातारा आणि परळमध्ये.

वडिलांना इंग्रजी कुठून आलं?

गोष्ट सुरू होते रामजी मालोजी सकपाळ यांच्यापासून. मूळ गाव कोकणातलं आंबडवे. रामजी ब्रिटिश लष्करात होते. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये ते शिक्षक म्हणून तयार झाले आणि पुढे सुमारे १४ वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. गावातल्या शाळेने ज्या समाजाला दाराबाहेर ठेवलं, त्याला लष्कराच्या शाळेत अक्षरओळख मिळत होती.

हे दारही फार काळ उघडं राहिलं नाही. १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे भीमरावांचा जन्म झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लष्कराने महार समाजाची भरती बंद केली. त्याविरुद्धच्या अर्जासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली होती. म्हणजे भिवाला घरीच शिक्षक मिळाला तो बंद होत आलेल्या एका वाटेमुळे. वडील काही वर्षं उशिरा जन्मले असते तर काय झालं असतं, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

साताऱ्यातली पहिली इंग्रजी

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झालं. राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. प्राथमिक शिक्षण मराठीत आणि नंतर पहिली इंग्रजी, दुसरी इंग्रजी अशा इयत्ता, ही तेव्हाची पद्धत. वर्गात बसायला वेगळं गोणपाट, तेही घरून आणायचं. तहान लागली तर नळ सोडायला शिपाई लागायचा. शिपाई नसला की पाणी नाही. हा अनुभव बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीतच लिहून ठेवला.

खरा अभ्यास घरी व्हायचा. रामजींनी मुलाकडून हॉवर्डचं इंग्रजी वाचनाचं पुस्तक आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची तीन पुस्तकं पाठ करून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, तो कुठे चालतो आणि कुठे नाही, याचा ते सराव घ्यायचे.

ही पाठमाला होती तरी काय?

इथे एक गल्लत नेहमी होते. १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर वेगळे. इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. मराठीतून इंग्रजी शिकणाऱ्या कित्येक पिढ्या या पुस्तकांवर घडल्या. पद्धत सरळ होती. आधी नियम मराठीत समजून घ्यायचा, शब्द पाठ करायचे, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी करायचं.

आज ही पद्धत जुनाट मानली जाते. बोलायला ती फारशी शिकवत नाही, हा आक्षेप खराही आहे. पण दोन भाषांचे सांधे ती नीट दाखवते. ‘त्याने पत्र लिहिले’ आणि ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ ही वाक्यं घ्या. मराठीत क्रियापद पत्र-चिठ्ठीप्रमाणे बदललं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ही रोट’च राहतं, शिवाय ते कर्त्याच्या लगेच मागे येतं आणि पत्राआधी ‘अ’ की ‘द’ हे ठरवावं लागतं. मराठीत ‘मला ताप आलाय’, तर इंग्रजीत ‘आय हॅव अ फीवर’. ताप येणारा तिकडे कर्ता होतो. असे शेकडो फरक हाताने लिहून काढले की कोणता शब्द वाक्यात कुठे बसतो, हे पक्कं होतं.

परळची खोली

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीत एक खोली, तिथेच चूल, जातं आणि शेळीसुद्धा. मुलगा लवकर झोपायचा आणि वडील त्याला रात्री दोनला उठवायचे, कारण तेव्हाच शांतता असायची. पुस्तकांसाठी रामजी लेकींकडे हात पसरायचे, त्यांचे दागिने गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुणांनी. नव्वद टक्क्यांच्या आजच्या जमान्यात हा आकडा लहान वाटेल, पण त्या यशाबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला होता.

पुढचा प्रवास परिचित आहे. १९१३ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, नंतर लंडनला. मात्र परतल्यावर आपल्या माणसांसाठी त्यांनी काढलेली ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) ही पत्रं मराठीत होती. इंग्रजी सरकारशी, न्यायालयाशी आणि जगाशी बोलण्यासाठी.

घटना समितीत या इंग्रजीचा कस लागला. मसुद्यावर ७ हजार ६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २ हजार ४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक एखाद-दुसऱ्या शब्दापुरत्या होत्या. हा शब्द का हवा आणि तो का नको, याची उत्तरं बहुतेक वेळा बाबासाहेबच द्यायचे.

शेवटचं व्याकरण

नाकारलेलं संस्कृत ते पुढे स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पालीकडे वळले आणि तिचं व्याकरण व शब्दकोश तयार करायला बसले. त्यांच्या नोंदींत पाली शब्दांना इंग्रजी आणि मराठीसह इतर भाषांतले अर्थ दिलेले आहेत. लहानपणी वडिलांनी करून घेतलेल्या सरावाचीच ही रीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं आणि ते काम हस्तलिखितातच राहिलं. राज्य सरकारने ते १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात छापलं.

गोसीखुर्द ज्या पवनी तालुक्यात आहे, त्या पवनीत १९६९-७० मध्ये उत्खनन झालं. जमिनीखालून बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले आणि त्यांच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत, पालीच्या जवळच्या प्राकृतात कोरलेले लेख सापडले.